पुढचं ऐकीव

अप्पा शितुतांना रस्ता विचारला की ते अर्धाच सांगायचे. रस्ता त्यांना माहीत नसे असं नाही. जिथपर्यंत त्यांचे पाय गेले असतील तिथपर्यंतच ते सांगत.

"पूर्णगडला जायचंय? पावस गावापर्यंत सरळ जा. पुढे एक मोठी चिंच लागेल. त्या चिंचेपर्यंत मी स्वतः गेलोय. पुढचं ऐकीव."

"पण रस्ता पुढे जातो ना?"

"जात असेल. लोक म्हणतात खरे."

ऐंशीनंतरची ही दोन-तीन वर्षं. रत्नागिरीत एका खासगी पार्सल कंपनीत आम्ही दोघे नोकरीला होतो. घरंही एकाच आळीत, मध्ये फक्त एक दगडी गडगा. माझं काम वजनाचं. पार्सल काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा. अप्पांचं काम रस्त्याचं, म्हणजे कुठलं पार्सल कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवायचं. वयाने ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. लग्न केलेलं नव्हतं. चप्पल बाराही महिने एकच, आणि प्रश्नही एकच: "कळलं कुठून?"

बांगडे ताजे आहेत असं कोळीण म्हणाली की हे विचारणार, "कळलं कुठून?" ती म्हणायची, "माज्या घोवानं रातच्याला धरल्यानीत." त्यावर अप्पा, "म्हणजे नवऱ्याने बघितलं, तुम्ही स्वतः नाही." मग बांगडे राहायचे बाजूला. आमच्या हिने एकदा त्यांना सांगितलं, "अप्पा, उद्या एकादशी आहे हो." ते म्हणाले, "कळलं कुठून?" ही आत आली आणि मला म्हणाली, "या माणसाला पंचांगाचाही भरवसा नाही. लग्न झालं असतं तर बायकोला विचारलंनीत असतं, तू माझी बायको आहेस हे कळलं कुठून."

पण या खोडीचा उपयोगही व्हायचा. एकदा सकाळी आळीत बातमी आली की भिडेगुरुजी गेले. मी टोपी घातली. चार माणसं बांबूची चौकशी करायला निघाली. अप्पा मात्र एकेकाला गाठून विचारत सुटले. पहिल्याला दुसऱ्याने सांगितलेलं, दुसऱ्याला तिसऱ्याने. असे सहा जण झाले, आणि सहाव्याला सांगणारा निघाला पहिलाच. हा पहिला आदल्या दिवशी नुसतं म्हणाला होता, "गुरुजी चार दिवस दिसले नाहीत, गेले की काय?" तो प्रश्न सहा तोंडं फिरून उत्तर होऊन त्याच्याकडे परत आला आणि त्याने तो खरा मानला. आम्ही गेलो तेव्हा गुरुजी ओसरीवर दाढी करून घेत होते. शांतपणे म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही."

असा हा माणूस. पण त्यांच्या स्वतःच्या हातून एक चूक झाली, तिची ही हकीकत.

आमच्या कंपनीची पार्सलं दोन वाटांनी जात. आतल्या गावांना ट्रक, किनाऱ्याच्या गावांना लाँच. दोघांच्या मार्गवह्या वेगळ्या. ट्रकची वही अप्पांकडे रत्नागिरीत, लाँचची दाऊदभाईंकडे जयगडला, कारण ट्रक आणि लाँच यांची गाठ तिथे पडायची. वहीत गावाचं नाव, पुढे कुणाकडे द्यायचं ते, आणि शेवटी एक आकडा. अप्पांच्या वहीत तो आकडा म्हणजे किती हात बदलायचे. जितके हात कमी तितकी वाट चांगली. दाऊदभाईंच्या वहीत तो आकडा म्हणजे किती तास. वर्षातून एकदा दोघे एकमेकांची वही बघून आपापली पुरी करत.

पौषाच्या अखेरीस अप्पांनी स्वतःच एक पार्सल काट्यावर आणून ठेवलं. गोणपाटात शिवलेलं, चार किलो सहाशे ग्रॅम. एका बाजूने लोखंडी दातेरी चकती बाहेर आलेली. नारळ खोवायची विळी. पत्ता होता सौ. कमल, मुक्काम खारवाडी, दाभोळच्या पलीकडे.

कमल म्हणजे त्यांची धाकटी बहीण. नऊ वर्षं भावाबहिणीत बोलणं नव्हतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तिचे यजमान शिक्षक. मधल्या काळात बदली होऊन ती खारवाडीला गेली, ते घर अप्पांनी पाहिलेलंही नव्हतं.

"तिच्या मुलीचं लग्न आहे," अप्पा म्हणाले. "आजपासून एकवीस दिवसांनी. ही आईची विळी. तिला हवी होती. मी म्हटलं होतं, पुढच्या शिमग्याला येशील तेव्हा ने. मग ती आलीच नाही."

"लग्नाचं कळलं कुठून?" मी मुद्दाम विचारलं.

"वसंताकडून. ऐकीव." वसंता म्हणजे त्यांचा दापोलीचा चुलतभाऊ. "पत्रिका नाही आली. विळी पोचली तर ती काहीतरी कळवील. नाही कळवलं, तर नऊ वर्षं झाली ते बरोबरच झालं असं धरून चालायचं."

"मग स्वतःच जाऊन द्या की हातात."

"धारेची वस्तू हातोहात देऊ नये. भांडण होतं."

"ते आहेच ना?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही वजन लिहा," म्हणाले.

विळी सोमवारी जयगडला गेली आणि गुरुवारी परत आली. अप्पांनी वही बघितली. वहीत स्वच्छ लिहिलेलं, खारवाडी: जयगडला लाँचकडे द्या. हात: तीन. त्यांनी पुन्हा पाठवली. सोमवारी ती पुन्हा हजर. चकतीने आता गोणपाट चांगलंच फाडलं होतं आणि हमालांना ती लांबून ओळखू येऊ लागली होती. "अप्पा, तुमची आत्याबाई माहेरी आली," असं ते ट्रकवरूनच ओरडायचे. तिसऱ्या खेपेला तिने एकाचं धोतर धरलं. प्रत्येक ठिकाणी एक शिक्का, त्यामुळे चिठ्ठीवर जागा उरली नाही, तेव्हा जयगडच्या कारकुनाने अकरावा शिक्का गोणपाटावरच मारला. बारा दिवस गेले होते. लग्नाला नऊ राहिले.

अप्पांचं जेवण कमी झालं. हे मी अंदाजाने सांगत नाही. आमच्या घरून रोज संध्याकाळी त्यांना आमटी जायची आणि भांडं निम्मं भरलेलं परत यायचं.

"कमलनेच नाकारलंन असेल," ते गडग्यापलीकडून म्हणाले.

"कळलं कुठून?" ही आतून ओरडली.

दुसऱ्या दिवशी चौथ्या खेपेला आम्ही दोघेही विळीबरोबर ट्रकने जयगडला गेलो. दाऊदभाई धक्क्यावरच बसले होते. गोणपाट बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अप्पा, पुन्यांदा? आवो, लाँच खारवाडीला जायाची बंद झाली दिवाळीपासनं. तिथला धक्का पान्यात बसला."

"मग ती परत माझ्याकडे का पाठवता?"

"मी माजी वाट खोडली. तिच्याखाली दुसरी वाट लिवलेली हाय. खारवाडी: ट्रकला म्हाईत. मग मी ट्रकला देतो."

"ट्रकला माहीत, हे तुम्हाला कळलं कुठून?"

"तुमच्याच वहीतनं. दोन वर्सांमागं उतरवून घेतलं."

अप्पांनी आपली वही उघडली. त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आणि मला ते कळलं होतं तुमच्या वहीतून."

दाऊदभाईंनी चहा सांगितला. दोघांच्या वह्या आपापल्या जागी अगदी बरोबर होत्या. एक म्हणे त्याला माहीत, दुसरा म्हणे याला माहीत, आणि मूळची वाट समुद्रात बसलेली.

मी आकड्यांचा माणूस. मला दुसरीच गोष्ट दिसली. अप्पांच्या वहीत त्याच पानावर खाली खारवाडीची आणखी एक वाट होती. चिपळूण, खेड, दापोली आणि तिथून गावचा टपालवाला. हात: चार. ती वाट चालू होती. पण चाराहून तीन कमी, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. मी विचारलं, "अप्पा, या लाँचच्या वाटेला तीनच हात कसे? ट्रक, दाऊदभाई, लाँच, पलीकडच्या धक्क्यावरचा माणूस आणि टपालवाला, पाच होतात."

दाऊदभाई म्हणाले, "तीन तास ते."

अप्पांनी चष्मा काढला. "मी तास उतरवले," ते म्हणाले, "हात म्हणून."

त्यांनी तिथेच दोन्ही वह्यांत ती ओळ खोडली. मग पट्टीने प्रत्येक पानावर एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'कुणाकडून कळलं'. दाऊदभाईंना म्हणाले, "यापुढे एकच नियम. जे तुमच्याकडून कळलं, ते मी तुम्हाला परत सांगायचं नाही. आणि तुम्ही मला."

"बायकांना पन सांगा ह्यो नियम," दाऊदभाई म्हणाले.

परतताना विळी अप्पांच्या मांडीवर होती. निवळीच्या अलीकडे ते एकदम बोलू लागले, माझ्याकडे न बघता.

"त्या शिमग्याला देवाची पालखी घरी यायची होती. कमल तेव्हा दापोलीतच होती. वसंता दापोलीला निघालान, तेव्हा मी त्याला म्हटलं, यंदा कमलला जमायचं नाही, मुलीची परीक्षा आहे. मला वाटलं म्हणून म्हटलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आठ दिवसांनी वसंताकडून कळलं, कमल म्हणते ती येणार नाही. मी धरून बसलो, की बोलावण्याची वाटसुद्धा न बघता ही नाही म्हणालीन."

मी जवळ सरकलो. ट्रकचा आवाज मोठा होता.

"तिला काय कळलं असेल, पाटणकर? की दादा म्हणतो, येऊ नको. मग ती म्हणाली असेल, नाही येत." त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला. "ते माझंच होतं. फिरून माझ्याकडे आलं, आणि मी ते तिचं म्हणून लिहून ठेवलं. नऊ वर्षं."

दुसऱ्या दिवशी विळी चार हातांच्या वाटेने निघाली. या वेळी अप्पांनी गोणपाटात एक चिठ्ठी टाकली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा तार आली. तार बघून आळीतली माणसं घाबरली. अप्पांनी ती मला वाचायला दिली. सहा शब्द होते. विळी पोचली. मी विचारलंच नाही. ये.

वसंताला 'कळलं कुठून' हे तिनेही विचारलं नव्हतं. अप्पांनी मार्गवही उघडली, खारवाडीच्या ओळीपुढे नव्या रकान्यात लिहिलं, 'स्वतः कमल', आणि रजेचा अर्ज साहेबांना द्यायला म्हणून माझ्यापुढे ठेवला. अकरा वर्षांतला तो त्यांचा पहिला अर्ज.

ते गेले, भाचीचं लग्न उरकून आले. काय काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नंतर एक दिवस कंपनीच्या खिडकीवर एक माणूस आला आणि खारवाडीला कसं जायचं विचारू लागला. मी मान वर केली.

"दापोलीला उतरा," अप्पा म्हणाले. "दाभोळची एसटी धरा. खारवाडीच्या फाट्यावर उतरून उताराने चालत जा. वीस मिनिटं. डावीकडे शाळा. शाळेच्या पाठीमागे जांभ्याचा जिना आहे, सतरा पायऱ्या, नववी हलते, जपून. वर तिसरं घर. दारात जास्वंद आहे. पाणी द्यायला कुणी आलं नाही तर हाक मारा, तिला स्वयंपाकघरातून ऐकू येत नाही."

तो माणूस म्हणाला, "मला ग्रामपंचायतीत जायचं होतं."

"ते मला माहीत नाही," अप्पा म्हणाले. "ते ऐकीव."