व्याह्यांची वायर

‘पोरीवाल्यांकडून काही घ्यायचं नाही,’ हे शहपुऱ्याच्या रामरावांचं तत्त्व होतं. मुलगा अजिंक्य याला घेऊन ते जबलपुरात नीलकंठरावांच्या प्रणोतीला पाहायला आले, तेव्हा तत्त्व शाबूत होतं. फोनची बॅटरी मात्र संपत आली होती. त्यातच मोहल्ल्याची वीज गेली. आणि अजिंक्यच्या नागपूरच्या अंजनीआत्या याच फोनवर व्हिडिओ कॉल करून मुलगी पाहणार होत्या. त्यांच्या होकाराशिवाय रामरावांच्या घरात सोयरीक होत नसे, आणि फोन न उचलणाऱ्याला त्या पुन्हा फोन करत नसत.

“माझा फोन फुल आहे, रामरावजी. जोडून देतो,” नीलकंठराव म्हणाले.

वायर लागली. विजेचं चिन्ह चमकलं ते नीलकंठरावांच्याच फोनवर.

“अरे, हा तर तुमच्याकडून घेऊन राहिला!” लेक द्यायची त्या घरचं पाणीही न पिणारे नीलकंठराव हादरले.

“दोन्ही फोन सारखेच, काका,” अजिंक्य म्हणाला. “वायर लावली की एक यजमान होतो, दुसरा पाहुणा. यजमान देतो, पाहुणा घेतो. कोण काय, ते आपसात ठरवतात. नाही पटलं तर इथं बदलता येतं.”

हे शेवटचं वाक्य तो बोलायला नको होता.

नीलकंठरावांनी ‘समोरच्याला चार्ज करा’ दाबलं. रामरावांनी चष्मा लावला आणि आपल्या फोनवर तेच दाबलं.

“काहून, रामरावजी? पाहुणे तर तुम्ही!”

“पाहुणा आहो, हुंडेवाला नाही.”

“बाबा, बिजलीच तर आहे!” अजिंक्य म्हणाला.

“आज बिजली, कल फ्रिज!”

“पोहे तर दोनदा घेतले तुम्ही.”

“पोहे वेगळे.”

वीज इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत राहिली. शेवटी रामरावांचा फोन दानधर्मातच वारला. नीलकंठरावांना स्थळ गेल्यासारखंच वाटलं.

तेवढ्यात प्रणोतीचा फोन वाजला.

“हो, आत्या... नाही, अजून देऊनच राहिले दोघं.”

आत्यांकडे तिचा नंबर कसा, असं कुणी विचारायच्या आत अजिंक्य एकदम पंख्याकडे पाहू लागला. पंखा बंद होता.

“रामा,” प्रणोतीच्या फोनमधून आत्या कडाडल्या, “पोरगी मला केव्हाची पसंत आहे. चलो, तारीख काढ!”

रामराव निमूट कॅलेंडरकडे वळले. नीलकंठरावांची नजर टीपॉयवर गेली. वायर तशीच होती. बंद पडलेल्या फोनला आता तत्त्व उरलं नव्हतं. तो मुकाट्यानं पाहुणा होऊन चार्ज होत होता.

नीलकंठरावांनी हळूच त्यावर आपला रुमाल टाकला.