कोशातलं पाणी पळालं

"माझ्यासारखा माणूस शतकातून एकदाच जन्माला येतो," असं माझे भावजी स्वतःबद्दल सांगतात. तेवढीच शतकाची कृपा, असं माझी ताई म्हणते. भावजींच्या दारावर 'खाजगी गुप्तहेर' अशी पाटी आहे. 'सुप्रसिद्ध' हा शब्द त्यांनी नंतर खडूने जोडला. सुप्रसिद्ध माणूस गुप्त कसा राहतो, असं मी एकदा विचारलं. त्या दिवसापासून मी त्यांचा सहायक आहे.

"साधे हेर गुन्हा घडल्यावर पुरावा शोधतात," भावजी म्हणतात. "मी आधीच जमवून ठेवतो. ऐनवेळी धावपळ नको." त्यामुळे त्यांच्या कोटाच्या खिशांत बटणं, किल्ल्या, जोडी हरवलेले मोजे असा भरपूर पुरावा असतो. गुन्हे तेवढे कमी पडतात.

आमच्या समोरच्या खोलीत इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम चालतं. भावजी रोज सकाळी तिथल्या फिल्टरचं पाणी पिऊन येतात आणि त्याला जनसंपर्क म्हणतात. त्या दिवशी दुपारी तिथून आरडाओरडा ऐकू आला. बोलावणं यायच्या आत आम्ही पोहोचलो. वाट पाहिली असती तर ते आलंच नसतं.

खोलीच्या चारही भिंतींना लाकडी खण आहेत. एका शब्दाला एक खण, त्यात अर्थांच्या कार्डांचा बांधलेला गठ्ठा. गठ्ठा काढणाऱ्याने आपली एखादी वस्तू खणात ठेवायची, म्हणजे तो कोणाकडे आहे ते कळतं, असा तिथला नियम. त्यामुळे कुठे कंगवा होता, कुठे छत्री. 'वॉटर'च्या खणात मात्र गठ्ठाही नव्हता आणि वस्तूही नव्हती.

"संध्याकाळी छापखान्याचा माणूस येणार," मुख्य संपादक कडाडले. "गठ्ठा मिळाला नाही तर जुन्या आवृत्तीतली ओळच छापायला जाईल. वॉटर : पाणी. संपलं! आणि उपसंपादक बाई, तुम्हाला कायम करायचा विचारही तिथेच संपला."

उपसंपादिकेचा चेहरा उतरला. ती तिथे नवी, उमेदवारीवर होती आणि 'वॉटर' हे तिचं पहिलं मोठं काम होतं. "सर, त्यात झाडांना घालणं आहे, गुरांना पाजणं आहे, डोळ्यांतून येणं, तोंडाला सुटणं, दूध पातळ करणं, देशाची समुद्रातली हद्द, रत्नाचं तेज, आणि पुढे सगळे वाक्प्रचार. एका ओळीत कसं मावेल?"

"मग सांभाळायचं होतं!"

"तुम्ही तर नाही ना घेतलात, सर?"

"मी? चष्मा घरी विसरलोय सकाळपासून. चष्म्याशिवाय मला स्वतःची सही वाचता येत नाही, गठ्ठा घेऊन काय करू?"

"बिनतोड!" भावजी म्हणाले. "संपादक निर्दोष." त्यांनी पाण्याचा ग्लास भरून घेतला आणि संपादकांच्या टेबलावर, कागदांच्या ढिगावर टेकवला. त्या टेबलाला कोणी हात लावायचा नाही, हा तिथला दुसरा नियम. ग्लासाचा उल्लेख नियमात नव्हता.

"गठ्ठ्यातला एखादा अर्थ कोणाला तरी झोंबला असणार," भावजी येरझारा घालत म्हणाले. "दूध पातळ करणं! गवळ्याला बोलवा."

गवळी चहाचं दूध द्यायला आलेलाच होता.

"तुम्ही दुधात पाणी घालता, हे कोशात छापून येणार म्हणून घाबरलात ना?"

"छापा की," गवळी म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे."

भावजींनी ग्लास उचलला, एक घोट घेतला, परत टेकवला. आता संशय खालच्या जवाहिऱ्यावर गेला. 'ऑफ द फर्स्ट वॉटर' म्हणजे अस्सल रत्न, हा अर्थ लोकांना कळला तर त्याचा खोटा माल कोण घेईल? मी खाली जाऊन विचारून आलो. तो इमिटेशनचे दागिने विकतो, आणि तसं मोठ्या अक्षरांत लिहून विकतो.

"तर मग बाई," भावजी उपसंपादिकेकडे वळले, "'इन हॉट वॉटर' म्हणजे?"

"अडचणीत असणं."

"आत्ता अडचणीत कोण आहे?"

"मी."

"गुन्हेगार सापडला!"

"माझंच काम मी चोरलं? आणि माझीच नोकरी घालवायला?"

"तेच तर गूढ आहे," भावजी म्हणाले आणि उरलेलं पाणी प्यायले. उपसंपादिकेने पेन खाली ठेवलं आणि ती आपली पिशवी आवरायला लागली. भावजींना तो कबुलीजबाब वाटला.

तेवढ्यात संपादकांच्या पत्नी धापा टाकत जिना चढून आल्या. "अहो, तुमचा फोन आल्यापासून सगळं घर पालथं घातलं. तुमचा चष्मा घरी नाहीये." मग त्या भावजींच्या कोटाकडे बघत राहिल्या. "आणि हा यांच्या खिशातून कसा डोकावतोय? दोरा बांधलेली काडी माझ्याच हातची आहे!"

"हा पुरावा आहे," भावजी म्हणाले. "सकाळी पाणी प्यायला आलो तेव्हा एका रिकाम्या खणात बेवारस पडला होता."

"कसला पुरावा?" मी विचारलं. "सकाळी गुन्हा कुठे घडला होता?"

"म्हणून तर उचलून ठेवला."

पत्नीने चष्मा काढून घेतला आणि नवऱ्याच्या नाकावर चढवला. "इथला नियम मलाही पाठ आहे. गठ्ठा काढताना खणात ठेवायला दुसरं काही सापडलं नाही वाटतं? मग चष्मा शोधण्यात गठ्ठाच विसरलात. घरीसुद्धा यांचं हेच!"

संपादकांनी टेबलावर पाहिलं. त्यांच्या कोपराजवळ, भावजींच्या ग्लासाखाली 'वॉटर' होतं. वरच्या कार्डावर ओलं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"बाई," ग्लास बाजूला सारत ते म्हणाले, "पिशवी ठेवा खाली. सगळं छापायचं. आणि उद्यापासून तुम्ही कायम."

ओल्या कार्डावरची शाई फुटली होती. ते तिने लगेच नव्याने लिहून काढलं. छापखान्याचा माणूस तोवर भावजींची कर्तबगारी ऐकत बसला. त्याला दुसरा इलाज नव्हता.

कोश निघाला. भावजी आता त्याची एक प्रत काखेत घेऊनच फिरतात आणि येईल त्याला सांगतात, "कोशात माझा उल्लेख आहे." उल्लेख खरंच आहे. ताई पाहुण्यांना तो मोठ्याने वाचून दाखवते:

'होल्ड वॉटर : (तर्क, सबब इ.) टिकणे. उदा., गुप्तहेराचा एकही तर्क टिकला नाही.'