हजार वर्षांचा कोळसा

निपाणीत तंबाखू विकून माणसं मोठी झाली. वृषभ मात्र न निघालेला धूर विकून मोठा होणार होता. आता बोला!

बेळगावात एम.एस्सी. करून पठ्ठ्या एका कार्बनवाल्या कंपनीत उमेदवारी करत होता. तुराट्या बंद पिंपात भाजून कोळसा करायचा आणि शेतात पुरायचा. पुरलेला कार्बन म्हणे हजार वर्षं आभाळात परत जात नाही, आणि त्याबद्दल परदेशातल्या कंपन्या पैसे देतात. आज बेंगळुरूहून प्रियदर्शनी मॅडम तपासणीला येणार होत्या. त्यांच्यादेखत कोळशाची चार पोती खड्ड्यात रिकामी झाली, की वृषभची नोकरी पक्की.

"आप्पा, मॅडमना स्टँडवरनं घेऊन येतो. त्यास्नी काय कमी पडू देऊ नका."

"ते काय सांगाय लागतंय व्हय रं?" वृषभचे वडील कुंथुनाथआप्पा म्हणाले.

जानेवारीची थंडी, रानात कोवळी ज्वारी. पाहुणी हुरडा न खाता बांधावरनं गेली असती, तर आप्पांना चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी सगळी भावकी बोलावली.

मॅडम मूळच्या बेळगावातल्या शहापूरच्या. कित्येक वर्षांत हुरडा खाल्ला नव्हता. पहिला घास घेतला आणि खड्डा, पोती, तपासणी सगळं विसरून मांडी घालून बसल्या. वृषभ तर हवेतच होता. निखाऱ्यांचा आर विझायला आला, की स्वतः वाकून फुंकर घालत होता.

"आप्पा, आज हुरडा लई झ्याक भाजलाय."

"मग! शेणी दवानं भिजल्यात, म्हणून तुझाच कोळसा घेतला. धूर न्हाय, काय न्हाय."

वृषभनं हातातला हुरडा खाली ठेवला. "किती घेतला?"

"सगळाच की. एवढी भावकी आलीया न्हवं?"

"आप्पा, हजार वर्षं ठेवायचा होता तो."

"हजार वर्षं कोळसा ठिवून काय करतोस? भिजंल की रं."

तेवढ्यात मॅडम हात झटकत उठल्या. "चला, आता पोती दाखवा."

वृषभनं शेकोटीकडे बोट केलं. मॅडमनी शेकोटी पाहिली, मग आपले काळे झालेले हात पाहिले.

"आता रिपोर्टात काय लिहू मी? चार पोती कार्बन गेला, त्यातला थोडा माझ्यासाठी गेला, असं?"

वृषभला वाटलं, कोळशाऐवजी आपणच त्या खड्ड्यात उतरावं.

"पुन्हा तपासणी करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर तुमची नोकरी कच्चीच."

"पुढच्या महिन्यात येता, मॅडम?"

"छे. पुढच्या जानेवारीत. हुरडा तेव्हाच असतो ना?"

"या की बाई," आप्पा खुशीत म्हणाले. "कोळसा आत्तापास्नंच करून ठिवतो."