काकांचा छपाईचा भाग

डोळ्यांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर चार वाजता डॉक्टरबाईंना दाखवायचं होतं आणि दुपारचे बारा वाजले तरी ते धड चालत नव्हतं. नवी प्रोग्रामर डोकं धरून बसली होती. तारखांचा हिशोब करणारी आयती लायब्ररी, म्हणजे तयार कोड, दोन भागांना मिळून एकच. पण पेशंटना निरोप पाठवणाऱ्या तिच्या भागाला लायब्ररीचं नवं व्हर्जन हवं होतं, तर ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रामर काकांनी लिहिलेल्या, चष्म्याच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या भागाला बारा वर्षांपूर्वीचं.

नवं घातलं की छपाई बंद. जुनं घातलं की निरोप ठप्प. शेवटी तिने दोन्ही एकदम कोंबली, तर एका आजोबांना तीस फेब्रुवारीला तपासणीचा निरोप गेला. चाचणीत पेशंटचे खरे फोन नंबर बंद करायचे राहिले होते. आजोबांचा लगेच फोन आला.

"यायला माझी ना नाही," ते म्हणाले, "पण हा दिवस उगवणार कधी?"

त्यांची माफी मागून ती काकांच्या टेबलाशी गेली. "काका, छपाईत थोडा बदल करू?"

"हात लावायचा नाही. बारा वर्षांत तो भाग एकदाही अडलेला नाही. मी दर सोमवारी दवाखान्यात फोन करून विचारतो."

तीन वाजता, छपाई अडल्याचं सांगून निदान एक दिवस वाढवून मिळतोय का बघावं म्हणून तिने दवाखान्यात फोन लावला.

"छपाई?" रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या. "ते मशीन दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलं. चष्म्याचा नंबर आता मोबाइलवर पाठवतो."

"मग काकांना छान चाललंय म्हणून कोण सांगतं?"

"मीच. इतक्या आपुलकीने विचारतात, तोंडावर कसं सांगणार?"

पण सांगणं तिला भाग होतं. तिने जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. काकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"म्हणजे तो भाग काढला तरी चालेल?"

"हो, काका."

"सुटलो बाई," काकांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. "त्यातलं अर्धं आता माझं मलाच कळत नाही. तू काही विचारशील, या धास्तीने हात लावू देत नव्हतो."

काकांनी स्वतःच्या हाताने तो भाग पुसला. सॉफ्टवेअर पाण्यासारखं चालू लागलं. चार वाजता डॉक्टरबाईंनी सगळं पाहिलं आणि त्या खूश झाल्या.

"फक्त एवढंच," निघता निघता त्या म्हणाल्या, "पेशंट हातात कागद मागतात हो. कालच नवा प्रिंटर घेतलाय. चिठ्ठ्या छापायचं जमेल ना?"

प्रोग्रामरने काकांकडे पाहिलं.

"न जमायला काय झालं," काका प्रसन्नपणे म्हणाले. "या वेळी ही लिहील."