बॉनेटचा पोचा व ब्रेकाची मोहीम

श्रीगजवदनास स्मरोन लीड्स मुक्कामी जे घडले ते यथास्थित लिहितों. ऐकणारांनी हसू आवरोन ऐकावे. शके १९२६, तारण नाम संवत्सरे, आश्विन मासी राजश्री डॉक्टर शशिधरपंत, इस्पितळीचे सरदार, यांचे पदरी एक निळी गाडी होती. वयाने जुनी, स्वभावाने हट्टी, आणि थंडीत मनधरणी केल्याविना सुरू होत नसे. ऐशात सासरे विष्णुपंत कऱ्हाडकर दसरियास लेकीकडे येतात ऐसे वर्तमान आले. पंतांनी मागेच फोनावर फुशारकी मारली होती की, अण्णा, गाडी अगदी नव्यासारखी आहे! आता तो शब्द राखावा कैसा, या चिंतेने पंतांस घास गोड लागेना.

कारण गाडीची दशा काय वर्णावी! एमओटी नामे सालाबादची तपासणी कशीबशी पदरात पडली, परंतु गॅरेजच्या मिस्त्रीने ताकीद दिली की ब्रेक झिजले, पुढील टायर गुळगुळीत जाहले, हीटर मेला आणि सायलेन्सर नगाऱ्यासारखा वाजतो. शिवाय बॉनेटावर परातीएवढा पोचा. तो इस्पितळाच्या कार पार्कातील खांबाने दगा करोन पाडला, ऐसे पंत सांगत. खांब जागचा हलला नव्हता ही गोष्ट वेगळी. आणि खजिना तर पंतांच्या डॉक्टरी परीक्षांच्या फिया भरोन रिता.

मग स्वयंपाकघरात खलबत बसले. पंतांनी अर्ज केला की पोचा आधी काढावा; ब्रेक अजून लागतात, जरा लांबूनच दाबावे लागतात इतकेच. यावर सौभाग्यवती अनुराधाबाईसाहेबांनी पोळी तव्यावर टाकीत फर्मान काढिले की, इस्पितळी रक्त वाहणारा सोडोन मुरुमवाला आधी घेतां काय? आधी ब्रेक, मग टायर. सायलेन्सरास पट्टी बांधावी, हीटराऐवजी गोधडी न्यावी, आणि पोचा तैसाच राहो द्यावा. पंत गुपचूप जेवले आणि दुसरे दिवशी उरल्यासुरल्या पैक्यात गॅरेजातून ब्रेक व टायर नवे घालोन आले.

तरी मन ऐकेना. बाईसाहेबांनी दसरियाकरितां लोकरीच्या झेंडूंचे तोरण विणिले होते, ते पंतांनी दारावरून हळूच उतरविले, पोचियावर बांधिले आणि स्वारी मँचेस्टरच्या विमानतळी रवाना जाहली. विष्णुपंतांनी हार पाहतांच, वाहनपूजा केलीत, वा शशिधरराव, ऐसी शाबासकी दिली. पंतांच्या जिवात जीव आला.

परतताना हमरस्ता तुंबला, म्हणोन पंतांनी माळावरची वाट धरिली. धुके दाट, विष्णुपंत गोधडीत गुरफटलेले, आणि वळणावर अकस्मात एक मेंढी रस्त्याच्या मधोमध उभी! पंतांनी ब्रेक दाबिला आणि गाडी जागीच थांबली. मेंढी वाचली, सासरे वाचले. परंतु तोरण सुटोन मेंढीच्या पुढ्यात पडले. तिने ते हुंगिले आणि तोंडात धरोन फरफटत धुक्यात घेवोन गेली.

विष्णुपंत खाली उतरले. त्यांनी पोचा पाहिला, मग जावयाचे तोंड पाहिले, आणि पुन्हा गोधडीत शिरले. पुढला सारा रस्ता पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले.

घरी पोहोचतांच विष्णुपंतांनी कऱ्हाडास धाकट्या भावास फोन लाविला. पंत दाराआड कान देवोन उभे. आतून मोठ्याने शब्द आले: "अरे मुरलीधर, सुखरूप पोचलो बघ. आणि जावयाची गाडी म्हणशील तर अगदी नव्यासारखी! ब्रेक काय लागतो म्हणून सांगू!" पंतांचे डोळे भरोन आले, आणि त्याचा दोष कांद्यावर ढकलण्यास ते स्वयंपाकघरात कांदा चिरावयास गेले.

येणेप्रमाणे ब्रेक फत्ते, टायर फत्ते, पंतांचा शब्द सलामत, पोचा जैसे थे. दसरियाचे दिवशी विष्णुपंतांनी स्वहस्ते त्याच पोचियावर कुंकवाचे स्वस्तिक काढिले. तोरण कोठे गेले, याचा जाब मात्र बाईसाहेब पंतांस अद्याप पुसत आहेत.