मेश्राम सुभेदारांची सहा मिनिटं

मेश्राम सुभेदारांच्या घरात सगळ्यात चांगली खुर्ची पाहुण्याला मिळत नाही. ती दाराशी असते आणि तिच्यावर पिट्ठू बसलेला असतो. पिट्ठू म्हणजे जवान पाठीवर घेतात ती फुगीर हिरवी पिशवी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ती उचलून खाली ठेवायला गेलो, तर सुभेदार कडाडले, "हात नको लावू गा! ड्युटीवर हाये थो!" मग मी, प्रताप नगरातल्या त्यांच्याच बिल्डिंगमधला बावन्न वर्षांचा सरकारी कारकून, वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून चहा प्यालो.

सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांची पलटण म्हणे हुकूम आल्यापासून सहा मिनिटांत निघायची. आता निवृत्त माणसाला कोण कुठं पाठवणार? पण सुभेदारांची मोहीम ठरलेली होती. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता पुण्यात होती, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं, आणि तिची आई तीन वर्षांपूर्वीच गेली होती. सुजातानं गोड बातमी दिली त्याच दिवशी पिट्ठू खुर्चीवर चढला.

"मग जाऊन या ना," मी म्हणालो.

"असं कसं? हुकूम कुठी आला? बिना हुकुमाचा जवान जागा सोडते का?"

हुकूम येईपर्यंत रिकामं कसं बसायचं, म्हणून त्यांनी आमची अख्खी बिल्डिंग कामाला लावली. कोणत्याही रविवारी सकाळी खाली शिट्टी वाजायची. बारा बिऱ्हाडांनी पाणी, औषधं आणि टॉर्च घेऊन सहा मिनिटांत खाली रांगेत उभं राहायचं. पहिल्या वेळी मी अकरा मिनिटांनी उतरलो आणि माझ्या हातात टीव्हीचा रिमोट होता.

"काहून गा जवान, दुश्मनाले च्यानल बदलून देतं का?"

माझ्यामागून काळे वहिनी दुधाचं पातेलं घेऊन आल्या. सुभेदार त्यांना म्हणाले, "दूध वाचवलं, शाबास वहिनी. गॅस बंद केला का?" वहिनी पातेल्यासकट परत वर पळाल्या.

आम्ही त्यांना मागून यथेच्छ शिव्या घातल्या. पण शिट्टी वाजली की पाय मात्र चालायचे. "हात शिकला का डोकं भेत नाही," हे त्यांचं पालुपद. भरती झाल्यावर त्यांना म्हणे डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलायला आणि जोडायला लावायचे. दिवसभर तेच. "मले वाटे, उस्ताद येडा झाला. मंग एकदा बर्फात, अंधारात, खरंच काम पडलं. हात आपले चालले अन् मी मागून पोचलो."

मला ती थाप वाटली होती. पण उन्हाळ्यात एका दुपारी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून धूर निघाला. कोणी किंचाळलं नाही. पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग खाली होती, काळे वहिनींच्या सासूबाई खुर्चीसकट. मेन स्विच मी पाडला होता. पाल दिसली की बायकोला हाक मारणारा मी! सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. "एक मिनिट बाकी होतं. केस विंचरून यायचं न गा."

नववा महिना लागला तरी हुकूम काही येईना. बापलेकीचा फोन रोज व्हायचा. "सब ठीक?" "सब ठीक, बाबा." संपलं. फोन ठेवल्यावर सुभेदार पिट्ठूचे पट्टे सोडून पुन्हा आवळायचे. ते मला बघवेना. शेवटी मी शिस्तभंग केला आणि स्वतःच सुजाताला फोन लावला.

"काका, मीच वाट पाहून राहिली," ती म्हणाली. "पण आमच्या घरी बाबाले बोलवायची पद्धतच नाही. लहानपणी 'बाबा, या न' म्हटलं का आई रागवे. म्हणे, ते येत नसतात, त्यायले पाठवतात." बोलता बोलता ती रडायला लागली.

"बाई, तू एकदा म्हणून तर बघ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी मोढ्यावर असतानाच त्यांचा फोन वाजला. सुभेदारांनी ऐकलं, सावधानमध्ये उभे राहिले, "जी" म्हणाले. लेकीला "जी"! फोन ठेवून मला म्हणाले, "या म्हणते. टाइम लाव." मी घड्याळ लावलं.

सहा मिनिटं झाली तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं एकाआड एक लागली होती. दाढीचं सामान ठेवायला त्यांनी पिट्ठू उघडला, तर आत बायकोच्या जुन्या सुती पातळांची दुपटी होती. सुभेदारांनी स्वतःच्या हातानं शिवलेली, टाका न् टाका एका रांगेत. बारा मिनिटं झाली तरी सुभेदार बुटाच्या नाड्यांशी झुंजत होते.

"जवान," ते हळूच म्हणाले, "हात चालून नाही राहिले गा."

मी पिट्ठू खाली ठेवला, त्यांना त्या खुर्चीवर बसवलं आणि गुडघे टेकून नाड्या बांधायला घेतल्या.

"याची ट्रेनिंग नव्हती न झाली," ते म्हणाले. "जिंदगीभर सगळ्यायनं पाठवलंच. बोलावलं कोणीच नव्हतं."

मी नाड्यांची गाठ पक्की केली. मग त्यांच्या टेबलावरची शिट्टी घेऊन जिन्यात वाजवली. सहा मिनिटांच्या आत बारा बिऱ्हाडं खाली रांगेत उभी होती. काळे वहिनींच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. सुभेदार सगळ्यांच्या शेवटी उतरले. एकोणीस मिनिटं लागली होती. घड्याळाचं नाव कोणीच काढलं नाही.