अण्णा अस्वलाचा थंडगार संगणक

एका जंगलात एक संगणक होता. दचकू नका, मुलांनो. तुमच्या सोसायटीत कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापतात, तर जंगलात संगणक का नसावा?

तो एका पोकळ सालईच्या बुंध्यात ठेवलेला होता. दिसायला अगदीच साधा. करड्या पत्र्याचा डबा, आत एक पंखा आणि समोर टिटवीबाई. टिटवीबाई रोज त्यात वारा कुठून आणि किती, गवत किती वाळलं, हे भरत. मग संगणक अर्धा तास गुरगुरे आणि यंदाचा वणवा कुठून येणार ते सांगे.

हे जंगल नदी आणि कातळ यांच्या मधोमध होतं. पूर्वेला नदी, पश्चिमेला मैलभर उघडा कातळ. वणवा दर वैशाखात यायचा. कधी नदीच्या काठाने, कधी कातळाच्या कडेने. नदीकडून आला तर कातळावर पळायचं. कातळाकडून आला तर नदीत शिरायचं. हरणांना तर धूर दिसल्यावर निघालं तरी चालत असे.

कासवआजोबांचं तसं नव्हतं. त्यांना दोन्हीकडे जायला सारखेच तीन दिवस लागत. त्यांना आधीच कळायला हवं असे, आणि नेमकं कळायला हवं असे. म्हणून टिटवीबाई चार दिवस आधी येऊन सांगायच्या, "आजोबा, उद्या पहाटे निघा. नदीकडे." एखाद्या वर्षी, "कातळाकडे." आजोबा निघायचे आणि वेळेत पोहोचायचे. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं, आणि त्याबद्दल कोणी कोणाचा सत्कार केला नव्हता.

त्या वर्षी फाल्गुनात संगणक तापू लागला. भर दुपारी आपोआप बंद पडायचा. टिटवीबाईंनी डब्याच्या फटीतून आत डोकावलं. पंख्यात धूळ साचली होती. पानांचा चुरा होता, आणि खुद्द बाईंचीच दोन पिसं होती. त्यांची चोच तिथवर पोहोचेना. म्हणून त्या अण्णा अस्वलाकडे गेल्या.

अण्णा अस्वल हे जंगलातले संगणकतज्ज्ञ. ते एकदा शहराच्या कडेपर्यंत जाऊन आले होते. त्यांच्याकडे स्क्रू काढायची पाच हत्यारं होती, आणि त्यातली दोन त्यांना वापरताही येत.

"अण्णा, पंख्यात धूळ बसलीय," टिटवीबाई म्हणाल्या. "तेवढी झटकून द्याल का? तुमची फुंकर मोठी आहे."

अण्णा हसले. तज्ज्ञ हसतात तसे, नाकातून.

"बाई, धूळ हे नुसतं लक्षण. खरा रोग म्हणजे पंखा. आजच्या काळात मशीन हवेवर थंड ठेवतं का कोणी? पाणी पाहिजे. प्रोसेसरवरून नळीने पाणी फिरवायचं. ते उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाणार, थंड होऊन परत येणार. तुमच्या मशीनला हुडहुडी भरेल."

"पण नुसती फुंकर मारली तर?"

"वैशाखाला वेळ आहे ना?"

वेळ होता. दोन महिने होते. तिथेच घात झाला. दोन दिवस असते तर अण्णांनी मुकाट्याने फुंकर मारली असती.

अण्णांनी संगणक आपल्या गुहेत नेला आणि पहिल्याच दिवशी तो खोलून ठेवला. का, तर मापं घ्यायला. प्रोसेसर पळसाच्या पानात गुंडाळला. पंखा काढला. मग त्यांनी गुहेच्या भिंतीवर कोळशाने आराखडा काढला. तो इतका सुरेख होता, की बघायला हरणं येऊ लागली.

मग अण्णा 'जलशीतक मंडळ' नावाच्या ग्रुपवर गेले. त्यात जंगलोजंगलीची अस्वलं होती. अण्णांनी साधा प्रश्न विचारला: नळी मऊ घ्यावी की कडक? दुपारपर्यंत दोनशे चाळीस उत्तरं आली. मऊ नळी बसवायला सोपी आणि गळायची शक्यता कमी, असं निम्म्यांचं म्हणणं. मऊ नळी पोराटोरांनी वापरावी, असं उरलेल्या निम्म्यांचं. एकमेकांचे आईबाप निघाले. दोन अस्वलं ग्रुप सोडून गेली आणि संध्याकाळी परत आली. हिमालयातल्या एका अस्वलाने कळवलं, की तो काहीच बसवत नाही आणि त्याचं मशीन कधीच तापत नाही. त्याला पन्नास बदाम मिळाले.

अण्णांनी कडक नळी ठरवली.

चैत्र उजाडला. सामान कावळ्यांच्या कुरिअरने येऊ लागलं. कावळे ते कुठल्यातरी भलत्याच झाडावर ठेवत आणि 'पोहोचवलं' म्हणून कळवत. पंप आला तेव्हा टाकी आली नव्हती. टाकी आली तेव्हा ती पंपाला बसेना. एका रेडिएटरचे दोन रेडिएटर झाले. मग ते मावेनात म्हणून कॅबिनेट मोठं मागवलं. कॅबिनेट मोठं झाल्यावर ते रिकामं दिसू लागलं, म्हणून तिसरा रेडिएटर आला.

टिटवीबाई रोज यायच्या. एक दिवस त्यांना तिथे मोर भेटला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. देखणेपणाचा प्रश्न निघाला की मोर येतोच.

"काच हवी," मोर म्हणाला. "आतलं सगळं दिसलं पाहिजे. आणि दिवे. रंग बदलणारे."

"दिव्यांनी मशीन थंड होतं का?" टिटवीबाईंनी विचारलं.

"बाई, पिसाऱ्याने मला ऊब मिळते का?" मोर म्हणाला.

अण्णांना हा मुद्दा बिनतोड वाटला. काच आणि दिवे मागवण्यात आले.

वैशाख लागला त्या दिवशी टिटवीबाई आल्या, तर अण्णा भिंतीसमोर बसून आराखड्याचा सातवा खर्डा काढत होते. शेजारी एका फांदीला जुना पंखा बांधला होता. तो छान, आवाज न करता फिरत होता, आणि अण्णांच्या नाकावर झुळूक येत होती.

"हा चांगला फिरतोय की," टिटवीबाई म्हणाल्या.

"हो, जरा झटकून घेतला. आराखडा काढताना घाम फार येतो."

"मग हाच परत बसवा ना, अण्णा. वैशाख लागला."

अण्णांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, आता मागे जाता येत नाही. काच येऊन पडलीय."

मुलांनो, हे वाक्य मी माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे. काचेच्या जागी दर वेळी काहीतरी वेगळं असायचं. दर वेळी मी मान डोलावली. मला त्याची लाज वाटते. असो. मागच्या रांगेतल्या शहाण्या, हसू नकोस, तुझीही नोकरीची वेळ येणार आहे.

पाच-सहा दिवसांनी कासवआजोबा स्वतःच गुहेशी आले. यायला त्यांना अर्धा दिवस लागला होता.

"अण्णा, गवत पार वाळलंय," ते म्हणाले. "मी निघू का? आणि निघू तर कुठे?"

टिटवीबाई तिथेच होत्या. त्यांनी पंख पसरून वारा अंगावर घेतला. "आजोबा, मला हा वारा कातळाकडचा लागतोय. आग तिकडूनच येईल असं वाटतंय. तुम्ही नदीची वाट धरा."

"वाटतंय?" अण्णा म्हणाले. "बाई, पिसांच्या भरवशावर जंगल चालतं का? तुमचा अंदाज चुकला तर आजोबा चालत चालत आगीच्या तोंडात जातील. घेता जबाबदारी?"

टिटवीबाईंनी पसरलेले पंख मिटून घेतले. त्या इतकी वर्षं जबाबदारी घेतच आल्या होत्या, पण तिचं नाव घेऊन कोणी विचारलं नव्हतं.

"उद्या मशीन सुरू होतं, आजोबा," अण्णा म्हणाले. "नळ्या तेवढ्या वाकवायच्या राहिल्यात."

आजोबांना शिक्षणाबद्दल फार आदर. "शिकलेलं अस्वल सांगतंय तर थांबतो," ते म्हणाले, आणि गुहेबाहेरच्या करवंदीच्या जाळीखाली जाऊन बसले.

कडक नळी निखाऱ्यावर गरम करून वाकवावी लागते. नेमका काटकोन यावा लागतो. अण्णांच्या सतरा नळ्या मोडल्या. एक काटकोनात आली, पण मोराने मान तिरकी करून पाहिलं आणि ती किंचित कललेली आहे असं सांगितलं. तीन दिवस गेले. तिन्ही दिवस आजोबा जाळीतून मान काढून विचारत, आणि तिन्ही दिवस अण्णा म्हणत, "उद्या."

चौथा दिवस पाण्याच्या रंगात गेला. मोराला आपल्या मानेचा निळा हवा होता. हिमालयातल्या अस्वलाचं म्हणणं, पांढरा घ्या.

पाचव्या दिवशी सगळं जुळलं. नळ्यांतून निळं पाणी फिरू लागलं. टिटवीबाई धावत संगणकाशी गेल्या.

"हात लावू नका," अण्णा म्हणाले. "आता गळतीची चाचणी. चोवीस तास नुसता पंप चालवायचा, खाली कागद पसरायचे आणि बघत बसायचं. तोवर मशीन सुरू करायचं नाही. आत एक थेंब जरी पडला तरी सगळं जळेल."

"अण्णा, जंगल जळेल."

"बाई, घाईत केलेलं काम गळतं," अण्णा म्हणाले. ते खरंही होतं. तज्ज्ञांचं प्रत्येक वाक्य खरं असतं, हीच तर पंचाईत आहे.

चाचणीचे वीस तास झाले आणि कातळाच्या कडेला धूर दिसला.

हरणं नदीकडे सुटली. डुकरं सुटली. मोर उडाला. टिटवीबाई धुराच्या पुढे पुढे ओरडत गेल्या, घसा फाटेस्तोवर. अण्णा गुहेच्या तोंडाशी आले. जाळीखालून आजोबांनी मान बाहेर काढली.

"अण्णा, मला उचलून घ्या," ते म्हणाले.

अण्णा थांबले. थांबले नाहीत असं मी म्हणणार नाही. अण्णांना हात दोन, आणि दोन हातांत मावणार एकच. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. मग वळून आत पाहिलं. काचेमागे निळं पाणी फिरत होतं, आणि खालचे कागद वीस तास कोरडे होते.

अण्णांनी संगणक उचलला, छातीशी धरला आणि नदीकडे धावले. धावतानाही त्यांनी तो कलू दिला नाही.

कासवआजोबाही नदीकडे निघाले. एक पाय, मग दुसरा. तीन दिवसांच्या त्या वाटेवर ते पाऊण तास चालले.

मला इथे पुढे बोलवत नाही, पण गोष्ट अर्धी सोडली तर तुमचे पालक तक्रार करतात.

आग विझल्यावर नदीकाठी सभा भरली. टिटवीबाईंचा आवाज बसला होता, तरी पहिल्यांदा त्याच बोलल्या.

"अण्णा, आजोबा दारात होते. त्यांना का नाही उचललंत?"

अण्णांनी डोळे पुसले. खरंच पुसले, त्यांना वाईट वाटलं होतं.

"बाई, आजोबांना कवच होतं," ते म्हणाले. "मशीनला काच आहे."

प्राण्यांनी विचार केला. हरणांनी माना हलवल्या. मुद्दा शास्त्रीय आहे, असं मोर म्हणाला. मग कोणीतरी अण्णांच्या खांद्यावर शाल घातली, कारण इतक्या आगीतून जंगलाची एवढी मोठी ठेव त्यांनी सुखरूप आणली होती. मशीनला आजोबांच्या स्मरणार्थ 'कूर्म' असं नाव देण्यात आलं. नियोजनावर चार शब्द बोलावेत म्हणून शेजारच्या तीन जंगलांतून अण्णांना बोलावणी आली.

चाचणीचे राहिलेले चार तासही त्याच सभेत पार पडले. कागद कोरडे राहिले. अण्णांनी बटण दाबलं. दिवे लागले, निळ्याचे जांभळे झाले. आवाज अजिबात नाही. सगळ्यांनी एकेक करून काचेला हात लावला. काच थंडगार होती.

"आता भरा, बाई," अण्णा प्रेमाने म्हणाले.

टिटवीबाईंनी भरलं. आजोबा गुहेशी विचारायला आले होते त्या दिवसाचा वारा, त्या दिवसाचं गवत, त्या दिवसाचं ऊन. सगळं त्यांना तोंडपाठ होतं. जुन्या डब्याला अर्धा तास लागायचा. या मशीनला दोन सेकंद लागले.

पडद्यावर अक्षरं उमटली: वणवा कातळाकडून येईल. कासवाने उद्या पहाटे नदीकडे निघावे.

उत्तर तंतोतंत बरोबर होतं. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या थांबेपर्यंत टिटवीबाई पडद्यासमोर बसून राहिल्या. नंतर त्यांनी मशीन बंद केलं आणि जळालेल्या जंगलाकडे उडून गेल्या. त्या आभारप्रदर्शनाला थांबल्या नाहीत, हे काहींना खटकलं.

तात्पर्य: मुलांनो, कोणतंही काम हाती घ्याल तेव्हा ते इतकं देखणं करा, की ते कोणासाठी घेतलं होतं हे विचारायची कोणाला हिंमत होऊ नये. आणि जन्माला यायचंच असेल, तर काचेचे होऊन या. कवच असलेल्यांना कोणी उचलत नाही.